बेंचमागची जागा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या आइस हॉकी संघात निवड झाली नाही हे तू सविस्तर लिहिलंस. कोण काय म्हणालं, कोणाची निवड झाली, तुझी का व्हायला हवी होती, सगळं. आणि शेवटी जाता जाता एकच ओळ: क्लबवाले दहा वर्षांच्या मुलींच्या संघाला सहायक प्रशिक्षक म्हणून ये म्हणतायत, पण ‘आता लहान मुलींच्या स्केटच्या नाड्या बांधायच्या का, काका?’ मला त्या शेवटच्या ओळीबद्दलच बोलायचंय. उत्तर आधीच सांगून टाकतो. हो, बांधायच्या. आणि याच हंगामापासून.

तुझं दुःख मी कमी लेखत नाही. हिवाळ्यात पहाटे साडेपाचला बर्फावर उतरणाऱ्या पोरीला ‘खेळ म्हणजे काही सर्वस्व नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी तसं सांगणार नाही. पण तुझ्या डोक्यात एक समजूत घट्ट बसली आहे, की खेळाडू वर आणि प्रशिक्षक खाली, ज्याला खेळता येईना तो शिकवायला लागतो. ती समजूत काढायला लांब जायला नको. आपल्या मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा मुख्य प्रशिक्षक म्हणून बेंचमागे उभा असतो त्या मार्टिन सँ लुईकडे बघ.

त्याच्या खेळाची गोष्ट तुला पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. जन्म १९७५चा, इथल्याच लावालचा. उंची पाच फूट आठ इंच, या खेळात कमीच. व्हरमाँट विद्यापीठात चार वर्षं गाजवली, तरी एनएचएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, एकाही संघाने त्याचं नाव पुकारलं नाही. कॅल्गरी फ्लेम्सने १९९८मध्ये करार केला, पण दोन हंगामांत मिळून ६९ सामने आणि ४ गोल. २०००च्या उन्हाळ्यात मिनेसोटा आणि कोलंबस हे दोन नवे संघ जुन्या संघांकडून खेळाडू उचलत होते. कॅल्गरीने त्याला राखून ठेवलं नव्हतं, तरी त्या दोघांनीही त्याला घेतलं नाही. मग कॅल्गरीने उरलेल्या कराराचे पैसे देऊन त्याला मोकळं केलं. तिथून तो टँपाच्या संघात गेला. २००३-०४च्या हंगामात ९४ गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून), सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी, सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी आणि लीगचं विजेतेपद, म्हणजे स्टॅनली कप. अंतिम फेरीत समोर कोण, तर कॅल्गरीच. फ्लेम्स ३-२ने पुढे होते, सहावा सामना त्यांच्याच घरी होता, आणि दुसऱ्या जादा वेळेच्या ३३व्या सेकंदाला सँ लुईने गोल केला. सातवा सामना टँपाने जिंकला. खेळणं थांबवलं तेव्हा नावावर १,०३३ गुण होते, आणि २०१८मध्ये हॉल ऑफ फेम.

ही गोष्ट प्रत्येक ड्रेसिंग रूममध्ये सांगितली जाते आणि तिच्यातून एकच निष्कर्ष काढतात, की जिद्द सोडू नका. मी ती त्या अर्थाने सांगत नाही. नाकारलेल्या प्रत्येकाला टँपा मिळत नाही. तुला मिळेल असं खोटं आश्वासन मी देणार नाही.

त्याच्या कारकिर्दीतला दुसरा एक नकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जानेवारी २०१४. सँ लुई ३८ वर्षांचा, टँपाचा कर्णधार, आदल्याच हंगामात वयाच्या ३७व्या वर्षी पुन्हा आर्ट रॉस जिंकलेला. सोची ऑलिंपिकसाठी कॅनडाचा संघ जाहीर झाला आणि त्यात त्याचं नाव नव्हतं. संघ निवडणाऱ्यांचा प्रमुख होता स्टीव्ह आयझरमन, म्हणजे टँपाचाच जनरल मॅनेजर. पुढे स्टीव्हन स्टॅमकोसचा मोडलेला पाय वेळेत भरून आला नाही म्हणून सँ लुईला बोलावलं, सुवर्णपदकही मिळालं, पण मनातली अढी गेली नाही. त्याने दुसऱ्या संघात पाठवण्याची मागणी केली आणि मार्चमध्ये तो न्यू यॉर्क रेंजर्सकडे गेला. टँपातले कितीतरी चाहते रागावले. मला त्यांचा राग समजतो, त्याचाही समजतो. सगळं मिळवलेल्या माणसालासुद्धा यादीत नाव नसणं इतकं लागतं, मग तुला लागलं तर त्यात कमीपणा कसला?

आणि आता तोच माणूस दर सामन्याला यादी करतो. एनएचएलमध्ये एका सामन्याला २० जण पोशाख चढवतात, बाकीचे वर प्रेक्षकांत बसतात. कोण बसणार हे ठरवायचं आणि त्याला तोंडावर सांगायचं, हे काम आता त्याचं आहे. ज्याला कधीच कुणी वगळलं नाही त्यालाही ते करता येईल, पण समोरच्याच्या पोटात काय होतंय हे त्याला आतून कळणार नाही. तुला आता ते कळतं. ही तुझी कमाई आहे, पोरी, वाया घालवू नकोस.

आता ज्या वर्षांसाठी हे पत्र लिहितोय त्यांच्याकडे येतो.

२०१५मध्ये त्याने खेळ सोडला. २०२२मध्ये मॉन्ट्रियलने बोलावलं. मधली जवळजवळ सात वर्षं आकडेवारीच्या कुठल्याच पानावर सापडत नाहीत. २०१९मध्ये कोलंबस ब्लू जॅकेट्सला पॉवर प्लेबाबत (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाबाबत) सल्ला देण्याचं काम केलं, तेवढीच नोंद. बाकी वेळ तो कनेक्टिकटमध्ये आपल्या तीन मुलांच्या संघांना शिकवत होता. हॉल ऑफ फेममधला माणूस पोरांच्या सरावाला उभा राहत होता. म्हणून ९ फेब्रुवारी २०२२ला कॅनेडियन्सने त्याला हंगामी मुख्य प्रशिक्षक नेमलं तेव्हा लोक चकित झाले. ज्याने शाळकरी पोरांपलीकडे कुणाला शिकवलं नाही त्याच्या हाती शंभर वर्षांहून जुना संघ, असा सूर होता. संघाची अवस्था तेव्हा अशी होती: ८ विजय, ३० पराभव आणि ७ सामने जादा वेळेत किंवा शूटआऊटमध्ये गमावलेले. याच संघाने आदल्या उन्हाळ्यात स्टॅनली कपची अंतिम फेरी खेळली होती.

माझं मत लोकांच्या उलट आहे. तो पोरांमधून आला म्हणूनच उपयोगी पडला.

का ते सांगतो. उत्तम खेळाडूला स्वतःला काय येतं हे शब्दांत सांगता येत नाही. आजीला विचार भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं. ती म्हणेल, हाताला कळतं. खरंच कळतं, पण तेवढ्यावर नात शिकत नाही. वेन ग्रेट्स्कीएवढा खेळ समजलेला माणूस या पृथ्वीवर झाला नाही असं मी मानतो, २,८५७ गुण ही साधी गोष्ट नव्हे. तो फिनिक्स कायोटीजचा चार हंगाम प्रशिक्षक होता. १४३ विजय, १६१ पराभव, २४ जादा वेळेतले पराभव, आणि एकदाही प्लेऑफ, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्या, नाहीत. संघही दुबळा होता, सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही. पण खेळाडू म्हणून मिळालेली उंची बेंचमागे आपोआप सोबत येत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

दहा वर्षांचं मूल तुला हे ‘हाताला कळतं’ चालू देत नाही. त्याच्यापुढे तुझ्या पदकांचा उपयोग नाही. ते विचारतं ‘पण का?’, आणि उत्तर दोन वाक्यांत आलं नाही तर त्याची नजर छतावरच्या झेंड्यांकडे जाते. एवढ्या वर्षांत मी रिंकवर किती जाणते माणसं या ‘का’पुढे गप्प झालेली पाहिली आहेत.

उदाहरण घे. दोघी विरुद्ध एक अशी चाल आहे. पक (खेळायची चकती) तुझ्या खेळाडूकडे, बाजूला सोबतीण, समोर एकटी बचावपटू. पास द्यायचा की मारायचं? ‘पास दे’ असं बेंचवरून ओरडणं सोपं आहे आणि बहुतेक जण तेच करतात. ती पोर पुढच्या वेळीही पास देईल, कारण तुझा आवाज कानात असेल, आणि बचावपटूची स्टिक नेमकी पासच्या वाटेत आडवी पडलेली असेल. तिला शिकवायचं ते इतकंच: समोरचीची स्टिक कुठे आहे बघ, तिचा खांदा कुणाकडे वळलाय बघ, तिने एक वाट बंद केली की दुसरी उघडी असते. मग निर्णय तिचा. चुकला तर चुकू दे.

सँ लुई मॉन्ट्रियलला आल्यापासून जाहीरपणे हेच मांडत आलाय. ठरावीक साचा पोरांच्या डोक्यात भरण्यापेक्षा खेळाची तत्त्वं समजावायची आणि समोर जे दिसतं ते वाचायला शिकवायचं, हा त्याचा आग्रह. त्याच्यावर टीकाही झाली. बचावाची घडी नीट बसत नाही, सगळं पोरांच्या मर्जीवर सोडलंय असं म्हणणारे आपल्या शहरात कमी नाहीत, आणि काही रात्री सामने बघताना मलाही ते पटलं आहे. पण उंचीने लहान असलेल्या खेळाडूला हे वाचन आलंच पाहिजे. सहा फुटी बचावपटू अंगावर येण्याआधी पुढची जागा ठाऊक नसेल तर तो दुसऱ्या शिफ्टला, म्हणजे बर्फावर उतरायच्या पुढच्या पाळीला, उभा राहू शकत नाही. सँ लुईने स्वतः असंच निभावलं असणार, आणि ते शब्दांत मांडायला त्याला पोरांनी भाग पाडलं असणार, असा माझा अंदाज आहे.

कोल कॉफील्डचं काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. तोही उंचीला लहानच. त्या हंगामात सँ लुई येण्यापूर्वी ३० सामन्यांत १ गोल, मधे लावालच्या दुय्यम संघातही धाडला होता. सँ लुई आल्यावर ३७ सामन्यांत २२ गोल. पोरगा तोच, स्टिक तीच. यात जादू शोधू नकोस. त्याला जास्त वेळ बर्फावर ठेवलं, त्याची जागा जिथून तो मारतो तिथे आणली, आणि चूक झाली की लगेच बेंचवर बसवतील ही भीती काढून टाकली. दहा वर्षांच्या मुलीच्या बाबतीतही तू नेमकं हेच करू शकतेस.

तरीही तो संघ त्या वर्षी ३२ पैकी ३२वा आला. पुढच्या हंगामात संघाला क्रमवारीत ६८ गुण, त्यानंतर ७६. दोन्हीदा प्लेऑफ नाही. युराय स्लाफकोव्हस्कीला २०२२च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं, पहिल्या वर्षी ३९ सामन्यांत ४ गोल आणि मग दुखापत, तेव्हा चुकीचा पोरगा निवडला असं घराघरांत बोलत होते. त्याला खालच्या संघात पाठवलं नाही, खेळवत ठेवलं. दुसऱ्या वर्षी २० गोल. २०२४-२५मध्ये संघाला ९१ गुण मिळाले आणि प्लेऑफची जागा हंगामाच्या अगदी शेवटच्या सामन्यात पक्की झाली. पहिल्याच फेरीत वॉशिंग्टनने पाच सामन्यांत घरी पाठवलं, पण त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आपला लेन हटसन, तोही ठेंगणा, दुसऱ्या फेरीत निवडलेला. म्हणजे कामाचं फळ दिसायला तीन वर्षं गेली, आणि त्या तीन वर्षांत दर पराभवानंतर माइकसमोर दोन भाषांत उत्तरं द्यायची.

दोन भाषांवरून आठवलं. २०११मध्ये कॅनेडियन्सने फ्रेंच न येणारा हंगामी प्रशिक्षक नेमला होता तेव्हा रिंकबाहेर निदर्शनं झाली होती. बाहेरच्यांना ते अति वाटलं. मला वाटलं नाही. शिकवायचं तर ज्याला शिकवायचं त्याच्या भाषेत. तुझं फ्रेंच चांगलं आहे, पण आपल्या घरांत मराठी-इंग्रजी चालते म्हणून तू ते बोलायला लाजतेस. संघातल्या निम्म्या मुली घरी फ्रेंच बोलतात. रडणाऱ्या मुलीशी तिच्या घरच्या भाषेत बोल, व्याकरण चुकलं तरी चालेल.

तू मुलगी म्हणून विचारशील, ही वाट आपल्यासाठी आहे का. दानिएल सोवाजोने पोलिसातली नोकरी करत प्रशिक्षणाचं काम केलं आणि २००२मध्ये सॉल्ट लेक सिटीला कॅनडाच्या महिलांना पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं तेव्हा मुख्य प्रशिक्षक तीच होती. आज ती मॉन्ट्रियल व्हिक्टवार या महिला संघाची जनरल मॅनेजर आहे. त्याच संघाची मुख्य प्रशिक्षक कोरी शेव्हरी टोरोंटो फ्यूरीज या महिला संघाकडून खेळायची. खेळून झाल्यावर तिने एका विद्यापीठाच्या पुरुष संघात सहायक प्रशिक्षकाचं काम धरलं, २०१६मध्ये, जेव्हा त्या जागी कुणी बाईमाणूस पूर्णवेळ दिसत नव्हतं. ज्या लीगमध्ये ती खेळली ती २०१९मध्ये बंद पडली. शिकवण्याचं काम मात्र तिच्या हाती राहिलं.

आणि जुन्यांपैकी दोघे, कारण ते आपल्या शहराचे. टो ब्लेकचा पाय जानेवारी १९४८मध्ये मोडला आणि एनएचएलमधला खेळ संपला. काही वर्षं दुय्यम लीगमध्ये शिकवलं, १९५५मध्ये कॅनेडियन्सची सूत्रं हाती आली, १३ हंगामांत ८ स्टॅनली कप. वेरदूंच्या स्कॉटी बोमनला तर ज्युनियर गटात खेळतानाच डोक्याला मार बसला आणि खेळ संपला. रंगाच्या कंपनीत नोकरी करत तो पोरांचे संघ शिकवायचा आणि वेळ काढून कॅनेडियन्सचा सराव बघायला जायचा. प्रशिक्षक म्हणून त्याचे ९ कप आहेत, त्याच्यापुढे आजवर कुणी गेलेलं नाही.

तेव्हा कामाचं बोलू.

सहायक म्हणून तुला बहुधा बेंचचं दार उघडायचं, शिफ्ट बदलायच्या आणि सरावात एक कोपरा सांभाळायचा एवढंच देतील. दाराचं काम हलकं समजू नकोस. बर्फावरून परत येणाऱ्या मुलीचा चेहरा पहिल्यांदा तुलाच दिसतो. तिथे मुख्य प्रशिक्षक काय बोलले ते पुन्हा बोलू नकोस, तिला श्वास घेऊ दे, मग एकच प्रश्न विचार: ‘तुला तिथे काय दिसलं?’ ती म्हणेल, ‘काहीच नाही.’ पुढच्या शिफ्टला काहीतरी दिसेल.

प्लॅस्टिकचे कोन (शंकू) मांडून त्यांच्याभोवती पोरी फिरवण्याचा सराव कमी कर. कोन हलत नाही, त्यामुळे मुली खाली बघून स्केटिंग करायला शिकतात. बर्फाचा एक कोपरा घे, तीन विरुद्ध तीन लाव, जागा आखडती ठेव. पक यायच्या आधी खांद्यावरून मागे बघायची सवय तिथेच लागते. एक आठवडा फक्त तेवढंच मोज, गोल मोजू नकोस.

सगळ्यात हळू मुलीकडे आधी लक्ष दे. चपळ पोरी तुझ्याशिवायही शिकतील.

पालकांशी गाडीतळावर बोलू नकोस. सामना संपल्यावर लगेच तर नाहीच. काही जण तुझं वय काढतील, काही तुझा रंगही काढतील. तसं झालं तर गिळून बसू नकोस, त्याच दिवशी मुख्य प्रशिक्षकाला सांग आणि क्लबला लेखी कळव. हे सहन करणं कामाचा भाग आहे असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे ये.

पैशांचं खरं ते सांगतो. या कामाला पैसे नाहीत. पुढेही बरीच वर्षं फारसे नसतील, आणि एनएचएल किंवा महिलांच्या लीगच्या बेंचमागच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. म्हणून शिक्षण सोडू नकोस. आईला वाटतं की हॉकी संपली, आता पोर अभ्यासाला लागेल, आणि तू परत रिंकवर निघालीस की ती घाबरणार. तिला आठवड्याचे तास लिहून दाखव: दोन सराव, एक सामना, प्रवास धरून. ती आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई आहे. मीही रविवारी फोन करतो तिला.

आणि तू स्वतः खेळणं बंद करू नकोस. रात्री उशिराच्या महिला लीगमध्ये नाव घाल. स्टिकवर पक असेल तर आदल्या दिवशी मुलींना जे सांगितलंस ते खरं होतं का हे लगेच कळतं.

क्लबला होकार आजच कळव. प्रशिक्षकांसाठीचा हॉकी कॅनडाचा अभ्यासक्रम आणि पार्श्वभूमी तपासणी यांना वेळ लागतो, हंगाम सुरू झाल्यावर धावपळ होते. एम-११च्या, म्हणजे अकरा वर्षांखालच्या, मुलींची नावं आधी मागून घे आणि उच्चार विचारून घे. तुझ्या नावाचा उच्चार लोकांनी किती वर्षं बिघडवला ते तुला माहीत आहे. प्रशिक्षकांनाही बर्फावर हेल्मेट सक्तीचं आहे, तुझं जुनं चालेल, फक्त ते सुस्थितीत आहे ना ते बघ. शिट्टी मी आणून देतो.

तुझा,
काका